बावीसवी रांग

न्यूमनहून पर्थला जाणाऱ्या दुपारच्या विमानात झोपायचे असते, असा तिथला अलिखित नियम आहे. खाणीवर आठ दिवस बारा-बारा तासांची पाळी करून परतणारी माणसे पट्टा आवळतात, टोपी डोळ्यांवर ओढतात आणि चाके धावपट्टी सोडण्याच्या आत घोरू लागतात. चौदा महिन्यांपूर्वी टेगन पेनरोझ त्याच बेताने बावीस-बी या मधल्या खुर्चीत बसली होती. तिची पाळी नुकतीच बदललेली, त्यामुळे तिच्या वाट्याला तेवढीच जागा उरली होती. उजवीकडे क्लाइव्ह नावाचा वेल्डर केव्हाच निद्राधीन झाला होता. डावीकडे, खिडकीशी बसलेला उंच माणूस मात्र मांडीवरच्या डब्याशी झटापट करीत होता.

अखेर झाकण उडाले आणि पिठीसाखरेचा ढग टेगनच्या नारिंगी शर्टावर अलगद उतरला.

"सॉरी," तो म्हणाला. "झाकण आईनं लावलंय. तिनं लावलेलं झाकण असंच निघतं."

"आहे काय त्यात?"

"क्रोश्तुले. आमच्याकडचा तळणीचा पदार्थ. आठ दिवस पुरवून चार उरवलेत. घे ना... साखर तर निम्मी तुझ्याकडे पोचलीच आहे."

तिने एक घेतला. शंकरपाळ्याच्या दूरच्या, जरा नखरेल बहिणीसारखा तो तोंडात खुसखुशीत मोडला. तेवढ्यात त्याची नजर तिच्या खिशावरच्या नावाकडे गेली.

"पेनरोझ? सेन्सरवाली? म्हणजे मला दर जेवणावरून उठवते ती तूच?"

"बेअरिंग गरम झालं की कळवणं हे माझं काम. ते बदलायला येणारा ग्रगिच तूच असशील, तर फार सावकाश येतोस."

"मी आधी कार्ड भरतो."

"आणि तोवर बेअरिंग तापत राहतं."

"बेअरिंगचं सोड," तो म्हणाला. "माणूस तापला, तर कोणाला कळतं?"

"माणसांना आम्ही सेन्सर बसवत नाही," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेरच्या तांबड्या जमिनीकडे जरा जास्तच लक्षपूर्वक पाहू लागली.

हे कार्ड म्हणजे खाणीवरची शिस्त. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने खिशातल्या कार्डावर काम, धोका आणि उपाय लिहायचा, खाली आपली सही करायची आणि शेजारी सोबत्याची घ्यायची. दोन सह्या झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. इतर लोक नियम आहे म्हणून कार्ड भरत. दामिर ग्रगिच मनापासून भरत असे. कँटीनमध्ये केक कापण्यापूर्वीही तो कार्ड काढतो, अशी त्याची थट्टा होई, आणि एकदा त्याने खरोखरच काढले होते.

त्या दिवसापासून बावीस-ए आणि बावीस-बी या दोन खुर्च्या त्यांच्याच झाल्या. दर परतीच्या विमानात पावणेदोन तास. त्याची आई, टेगनचा एक मोडका पंप, खाणीतला कोणता सरकता पट्टा कधी तुटला... आणि त्याचे पॉइंट. अकरा वर्षे खाणीला ये-जा करून त्याने विमान कंपनीचे डोंगराएवढे पॉइंट साठवले होते आणि एकाला हात लावला नव्हता.

"कधीतरी अपग्रेड घे की," ती चिडवायची. "पुढे ऐसपैस बस, गरम खा. का त्यांची उशी भरणार आहेस?"

"दोन तास पाय पसरायला कोण पॉइंट जाळतं? योग्य कामासाठी ठेवलेत."

"कोणत्या?"

"अजून कार्ड भरलेलं नाही," तो म्हणायचा.

विमान उतरले की मात्र सारे संपत असे. त्याच्या गावाची, बनबरीची बस बरोबर पस्तीस मिनिटांनी सुटे. दामिर हात हलवून पळत सुटायचा, आणि त्या उंच पाठीकडे पाहत टेगन सामानाच्या पट्ट्याशी उभी राहायची. बावीसव्या रांगेबाहेर ते दोघे कधी भेटलेच नव्हते.

जून महिन्यात टेगनला पर्थच्या नियंत्रण कक्षात जागा मिळाली. तीच बेअरिंगे ती आता बाराशे किलोमीटरवरून, पडद्यावर पाहणार होती. विमानाची गरज उरणार नव्हती. हे दामिरला सांगायचे, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरेही एक सांगायचे, असे तिने ठरवले होते. फोनवर ते जमणार नव्हते. ती स्वतःला पुरती ओळखून होती: जे बावीस-बीमध्ये बसून बोलले जाणार नाही, ते पुढे कधीच बोलले जाणार नाही. हाती उरले होते एकच विमान, पावणेदोन तासांचे.

न्यूमनच्या विमानतळावर तिचा फोन वाजला. तिचे अपग्रेड मंजूर झाले होते. खुर्ची दोन-सी.

"मी तर मागितलंच नव्हतं," ती पुटपुटली.

"मी मागितलं," मागून दामिर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "शेवटचं विमान आहे ना तुझं? प्रवासाचं बघणारी डोरीन बोलली. तिच्या पोटात काही राहत नाही."

"तुझे पॉइंट वापरलेस?"

"पहिल्यांदाच. आरामात जा. पुढे म्हणे स्कोन गरम देतात."

टेगन हसली, आभार मानले आणि शिडी चढली. प्रत्येक पायरीगणिक तिला एकच गोष्ट स्पष्ट होत गेली: याने आपल्याला निरोप दिला. नीट, शिस्तीत, खर्च करून निरोप दिला.

दोन-सी ही खुर्ची खरोखर ऐसपैस होती. पाय लांब केले तरी समोर काही लागत नव्हते. चिनी मातीच्या कपात चहा आला, फुगीर गोड पावासारखा स्कोन आला, जॅम आला. शेजारी कंपनीचा कोणी अधिकारी मान वाकडी करून झोपला होता. मागे पडदा ओढला गेला. विमान ढगांत शिरले, हादरू लागले आणि डोक्यावरचा, पट्टा बांधून बसा सांगणारा दिवा लागला तो लागलाच.

ती दिव्याकडे पाहत राहिली. दहा मिनिटे... पंचवीस... चाळीस.

"स्कोन आवडला नाही का गं बाळा?" मर्ल नावाची पिकल्या केसांची हवाईसेविका खुर्चीला धरून विचारत होती.

"आवडेल. पण मागे जाऊन खायचा आहे. बावीस-बीमध्ये."

"पुढे यायला लोक धडपडतात, आणि तुला मागे जायचंय?"

"तिथे माझं काम अर्धवट राहिलंय."

मर्लने तिच्याकडे क्षणभर नीट पाहिले. "दिवा विझला की जा. उतरायच्या आधी वीस मिनिटं पुन्हा लागेल. बस तिथेच, जागा रिकामीच आहे, तुझीच तर होती. आणि हे," तिने आणखी एक स्कोन बशीत ठेवला, "एकटीनं खायचं काम दिसत नाही."

उड्डाणाला तास होत आला तेव्हा दिवा विझला. टेगनने बशी उचलली, पडदा सारला आणि झोपलेल्या टोप्यांच्या वीस रांगा ओलांडून गेली. क्लाइव्हचे गुडघे ओलांडताना बशी कलंडता कलंडता वाचली. बावीस-बीमध्ये क्रोश्तुल्यांचा डबा ठेवलेला होता, झाकण न उघडलेला. दामिर जागा होता.

"पुढे काही बिघडलं का?" तो दचकून म्हणाला.

"डबा उचल." ती बसली. "तुला माझा इतका कंटाळा आला होता, तर सांगायचंस. पॉइंट वाचले असते."

"कंटाळा?"

"आज मला तुझ्याशी बोलायचं होतं. इथे. आणि तू मला वीस रांगा पुढे धाडलंस."

दामिरने डबा मांडीवर घेतला. तो झाकण चाचपू लागला.

"मी दोघांसाठी अर्ज केला होता," तो म्हणाला. "पुढे खुर्च्या जोडीनं असतात. तिसरं कोणी नाही. क्लाइव्ह नाही."

"मग?"

"अर्जात एक चौकोन असतो. 'दोघांना, नाहीतर कुणालाच नाही.' त्यावर खूण केली नाही, तर एकच खुर्ची मिळाली तरी ते देऊन टाकतात. खूण करायची... राहिली."

टेगनला क्षणभर खरेच वाटेना. "तुझ्याकडून? चौकोन राहिला?"

"वरच्याच ओळीत तुझं नाव टाइप केलं होतं. त्यानंतर काय केलं ते मला नीट आठवत नाही."

"आणि विमानतळावर नुसता उभा राहिलास. स्कोनबद्दल बोलत."

"तुला आनंद झालेला दिसला."

"ते माझं सभ्यपणाचं तोंड होतं, दामिर. चौदा महिन्यांत एवढंही ओळखता येत नाही?"

त्याने शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढले आणि तिच्यापुढच्या फळीवर ठेवले. कडा मऊ पडल्या होत्या. घडीवर तांबडी धूळ बसली होती. ती वाचू लागली.

काम: टेगनला रविवारी बनबरीला घरी जेवायला बोलावणे. मग जमल्यास पुढचेही विचारणे.

धोका: ती नाही म्हणेल. पातळी: अतितीव्र.

उपाय: आईचे क्रोश्तुले. याशिवाय सुचलेला नाही.

खाली त्याची सही होती. शेजारची, सोबत्याची जागा रिकामी.

"ही तारीख मार्चची आहे," ती हळूच म्हणाली.

"हो."

"तीन महिने काम सुरू का नाही केलंस?"

"सोबत्याची सही नव्हती," तो म्हणाला. "सहीशिवाय... आपल्याकडे चालत नाही."

त्याच वेळी विमान ढगांखाली आले आणि खाली ओले, राखाडी पर्थ दिसू लागले. पट्ट्याचा दिवा पुन्हा लागला. टेगनने पट्टा आवळला, त्याच्या खिशातले पेन्सिलीचे थोटूक काढून घेतले, 'अतितीव्र' हा शब्द खोडला आणि त्यावर 'काही नाही' असे लिहिले. मग रिकाम्या जागेवर, सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

दामिरने कार्ड हातात घेऊन दोनदा वाचले. आणि मग त्याने जो श्वास सोडला, तो इतका लांब होता, की चौदा महिने तो कुठे कोंडून ठेवला होता, हेच तिला कळेना. तिच्याही छातीवरचे काहीतरी उतरले होते. तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले. तिथे पिठीसाखरेचा वास येत होता.

"झाली का सही?" टोपीखालून क्लाइव्हचा आवाज आला. "मग एक स्कोन इकडे द्या आणि माणसाला झोपू द्या."

बाहेर पडल्यावर दोघे छपराखाली उभे राहिले. पावसाची भुरभुर चालू होती. समोरून बनबरीची बस निघाली, वळणावर तिचे लाल दिवे चमकले आणि ती दिसेनाशी झाली. दामिर धावला नाही.

"पुढची किती वाजता?" टेगनने विचारले.

"कोण जाणे," तो म्हणाला. "अकरा वर्षांत कधी बघायची वेळच आली नाही."

त्याने डबा तिच्या हाती दिला. झाकण या वेळी पहिल्याच झटक्यात निघाले.