डाव्या कोपऱ्यातली बाई

हॉस्पिटलच्या जेवणात मासा आला की आमचे हे उजवीकडचा अर्धाच खायचे आणि मासा लहान दिला म्हणून कुरकुरायचे. मी ताटली फिरवून ठेवली की खूश! “बघितलंस सायो, दुसरा आणला की नाही? आरडाओरडा केल्याशिवाय या जगात काही मिळत नाही.”

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी मी हसायची. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी झाली आणि यांच्या, म्हणजे इवाओंच्या, जगातून डावी बाजूच गेली. डोळे ठणठणीत होते, पण डावीकडेही काही असतं हे डोकं विसरलं होतं. दाढीसुद्धा अर्धीच करायचे. आणि हा माणूस कोण, तर मात्सुए गावाच्या दोन पिढ्यांच्या दाढ्या करून म्हातारा झालेला न्हावी.

मिझोबे नावाची तरुण पोरगी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची. ती म्हणाली, “काकू, तुम्ही मुद्दाम डावीकडेच बसा. तिथूनच बोला. तुमच्यासाठी तरी मान वळवू देत. डावीकडे लक्ष जात नाही तोवर घरी सोडता येणार नाही. त्या बाजूनं गाडी आली तर कळणारच नाही ना त्यांना!”

मग मी डावीकडे बसायला लागले आणि नाहीशी झाले. हे उजवीकडच्या भिंतीला विचारायचे, “सायो आली नाही का आज?” मी म्हणायची, “अहो, ही काय मी.” तरी हे पुन्हा उजवीकडेच शोधायचे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या लेखी आपण खोलीतच नाही, याचं दुःख कुणाला सांगणार? बाहेर जाऊन नळ सोडायची आणि रडून घ्यायची.

शेवटी घरून एक पुस्तक नेलं. चित्रांच्या गूढकथांचं यांना भारी वेड. गोष्टीत मधूनमधून चित्रं असतात, कधी घराचा नकाशा, कधी एखाद्या लहान मुलानं काढलेला माणूस. चित्र साधंच दिसतं, पण खुनाचा किंवा भुताचा उलगडा त्यातच दडलेला असतो. दुकानात अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसाच ठेवून हे विचारायचे, “सांगा बघू, या घरात काय चुकलंय?” मी त्या पुस्तकांना कधी हात लावला नव्हता. भुताचा विषय निघाला तरी माझी झोप उडते. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तशी भीतीही नसते. डावीकडच्या खुर्चीतूनच पुस्तक त्यांच्यापुढे धरून मी मोठ्यानं वाचायला लागले.

गोष्ट समुद्राकाठच्या, राहायची सोय असलेल्या एका खानावळीची होती. मालक गायब झालेला आणि मागे राहिलेली एका पाहुण्यानं काढलेली चित्रं. पहिलं चित्र दरवाजाचं. यांनी उजवीकडच्या छत्र्या पाहिल्या, लाकडी चपला पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं.

“यात काही नाही.” मग स्वतःच थबकले. “थांब, थांब. आपलं जपानी पान वाचायचं उजवीकडून डावीकडे. नजर डाव्या कोपऱ्यात पोचते सगळ्यात शेवटी. म्हणून हे लबाड चित्रकार खूण नेहमी डावीकडे लपवतात.”

त्यांनी चित्रावर बोट टेकवलं आणि डावीकडे सरकवायला लागले. मधोमध आल्यावर बोट अडलं. कपाळावर घाम आला. मग ते पुढे गेलं, आणि बोटामागोमाग मानही वळली.

“बाई आहे,” ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात नुसती भिंत होती. बाई नव्हती, बाई वाटावी अशी रेघही नव्हती. पण मी वाद घातला नाही. बोट डावीकडे पोचलं होतं, मला तेवढंच दिसत होतं. मिझोबेनं तर टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर प्रत्येक चित्रात हे आधी डावीकडे जायचे आणि तिथं त्यांना ती सापडायची. बोळाच्या टोकाला, मग न्हाणीघराच्या दाराशी.

“आधी पाठमोरी होती. आज तोंड वळवलंय,” एका दुपारी ते म्हणाले.

“अहो, नेसलीय काय?”

“किमोनोच. पण उलटा नेसलीय बाई. उजवी बाजू वर घेतलीय. कुणीतरी सांगायला हवं तिला.”

मी पुस्तक मिटलं. जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. उजवी वर घेऊन आम्ही फक्त प्रेताला नेसवतो.

मिझोबेनं मला समजावलं. “काकू, त्यांचं डावं-उजवं गोंधळलेलंच आहे सध्या. त्यात जन्म गेला आरशासमोर! मेंदू रिकामी जागा भरून काढतो, दुसरं काही नाही.” मला पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं, कारण यांनी त्या दिवशी मासा पूर्ण खाल्ला होता आणि दाढीही दोन्ही गालांची केली होती.

मी पुस्तकाशेजारी एक संत्रं ठेवायला लागले. ‘कोण कुठली तू बाई, पण माझ्या माणसाला बोटाला धरून आणते आहेस, तुझे उपकार फिटायचे नाहीत,’ असं मनात म्हणून वाकायची. मी ऋणी होते. आजही आहे, हे कुणाला वेडेपणा वाटला तर वाटो.

शेवटच्या चित्रात आजाऱ्याची खोली होती. मी उलगडा वाचून दाखवला. खूण निघाली उजवीकडच्या किटलीत.

“अहो, सगळ्या गोष्टीत बाईच नाही,” मी म्हटलं.

“मग तूच पानं गाळली असशील. उतावळी मेली! शेवट आधी बघायची सवय जायची नाही तुझी.”

हे म्हणता म्हणता त्यांनी मान वर केली. नजर चित्र सोडून डावीकडे गेली, कॉट ओलांडून माझ्या खुर्चीपर्यंत आली. ते हसले. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायचे तसे.

“सायो,” ते म्हणाले, “इथंच होतीस होय?”

मला हुंदका आवरला नाही. मिझोबेही डोळे पुसत होती.

घरी सोडायच्या दिवशी तिनं मला बजावलं, “काकू, आता तुम्ही त्यांच्या उजवीकडून चालायचं. डावी बाजू त्यांची त्यांनाच सांभाळू दे.”

आम्ही नदीकाठानं निघालो. मी त्यांचा उजवा हात धरला होता. डावीकडून सायकल आली तेव्हा ते स्वतःहून थांबले, तिला जाऊ दिलं, मग पाऊल उचललं. माझं मन भरून आलं. माझा माणूस मला परत मिळाला होता.

“अहो, आज तुमच्या आवडीचं शिंपल्यांचं सार करते,” मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, रस्त्याकडे लक्ष असेल.

“अहो!”

मान वळली नाही. मी हात दाबला. बाही कशात अडकली तर सोडवावी तसा त्यांनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला.

ते डावीकडे पाहत होते. तिथं कठडा होता आणि पलीकडे पाणी.

त्यांचा डावा हात अर्धवट मिटलेला होता. अंगठा हळूहळू मागेपुढे फिरत होता, कुणाची तरी बोटं चोळावीत तसा.

“सायो,” ते तिकडे बघून मायेनं म्हणाले, “हात किती गार पडलेत गं तुझे.”