चिल्लरची टोळधाड

“हरलास?” समीक्षाने विचारले.

अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून शिवम वाकून बाहेर आला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. “सगळे पत्ते गेले गं! पुन्हा तोच ‘वणवा’चा पत्ता!”

अहमदपूरच्या एसटी स्टँडमागच्या या दुकानात सुट्टी लागल्यापासून दुकानमालक राजशेखरकाका पोरांशी ‘महारण’ खेळत. हा पत्त्यांचा खेळ समीक्षाच्या मामाच्या शाळेच्या दिवसांतला. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची गड्डी ठेवून घ्यायची, हा काकांचा नियम. पोरं मोबाइलला हात लावत नाहीत म्हणून घरोघरचे मोठे खूश! आत काय चालतं ते बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. आणि परवा तिचा धाकटा भाऊ प्रीतम मामाने जिवापाड जपलेली गड्डी न विचारता घेऊन गेला नि हरला. मामा उद्या लातूरहून यायचा होता. प्रीतमने तर अंथरूणच धरले होते.

समीक्षाने बाबांना सांगून पाहिले होते. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. “हरलं की रडायचं न्हाई, बेटा!”

“वणवा येण्याआधी काका काय करत होते? आठव!” तिने शिवमला विचारले.

“काय न्हाई. मांडीवरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.”

“मी हरले त्या डावातबी पुसलं होतं! कूलर त्यांच्याच तोंडावर हाय, मग घाम कशाचा?”

“टॉवेलात पत्ता लपवतात व्हय?” शिवमचे डोळे मोठे झाले.

“हे बघ,” समीक्षा हळूच म्हणाली, “दर पाळीला थोडी थोडी शक्ती साठते. वणव्याला लई शक्ती लागते, म्हणून तो शेवटीच टाकता येतो. आपण डाव तिथवर जाऊच द्यायचा न्हाई!”

टोळ, विंचू, उंदीर हे सगळ्यात स्वस्त पत्ते. पोरं त्यांना ‘चिल्लर’ म्हणत आणि खेळायला घेतच नसत. समीक्षाने गल्लीभर फिरून नुसती चिल्लर गोळा केली.

दुपारी काकांनी शटर आणखी खाली ओढले. आत अंधारून आले. समीक्षाने सायकलची किल्ली टेबलावर ठेवली.

“माझी सायकल. तुमच्याकडून मामाची गड्डी.”

“बघ हं,” काका गोड हसले, “हरलीस तर पायी जाशील.”

पहिल्याच पाळीला टोळ, आणि लगेच हल्ला! काका निवांत किल्ला बांधत बसले. पुढच्या पाळीला विंचू आणि उंदीर. चावा, डंख, पुन्हा चावा! काकांचे डावातले प्राण भराभर घटले; ते शून्यावर आले की डाव खलास.

“हळू खेळ की, पोरी. घाई कशाला?” काकांचा आवाज मऊच होता, पण हसू कुठल्या कुठे पळाले होते. त्यांनी टॉवेल उचलून तोंड पुसले. अजून एकच पाळी, मग वणवा पडणार!

तिने सगळे टोळ एकदम सोडले.

“संपलात, काका!”

काकांनी झडप घालून किल्ली मुठीत धरली. “चिल्लरनं खेळणं मला मान्य न्हाई! चल, निघ!”

खडाड! शटर वर गेले. दारात शिवम होता, आणि त्याने ओढत आणलेले बाबा.

“बाबा, गड्डीत वणवा एकच चालतो,” समीक्षा ओरडली. “काकांच्या हातातले पत्ते बघा, मग उरलेली गड्डी!”

हातात एक वणवा निघाला, गड्डीत दुसरा. बाबांनी टॉवेल चाचपला. आतून खिसा शिवलेला होता.

“लेकरांना फसवता?” बाबा कडाडले. काकांनी किल्ली मुकाट्याने टेबलावर ठेवली. संध्याकाळपर्यंत ज्याची त्याची गड्डी ज्याच्या त्याच्या घरी पोचली.

“तू सांगितलंस तवा मी ऐकलं न्हाई,” बाबा वाटेत म्हणाले. “चुकलं माझं. शाब्बास, बेटा!”

दुसऱ्या दिवशी मामा आला. कुणी काही बोलायच्या आत प्रीतमने गड्डी त्याच्यापुढे धरली आणि रडत रडत सगळे सांगून टाकले. मामाने गड्डी उघडून पत्ते एकदा चाळले. मग त्याने गड्डी प्रीतमच्याच हातात दिली.

“आता तूच सांभाळ. पण विचारून घेत जा.” मग तो समीक्षाकडे वळून म्हणाला, “इतकी वर्षं खेळलो, पण चिल्लरनं जिंकता येतं हे डोक्यातच आलं न्हाई. बस समोर. मला हरवून दाखव!”

मामा हरला, आणि सगळ्यांत मोठ्याने प्रीतम हसला.