डाव्या बाजूची केबल

छत्तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडलेल्या बाईने दुकानातली तयार केबल वापरायची, हे धाकटीला काही केल्या पटेना. धाकटी म्हणजे वयाने साठ पूर्ण. पण थोरल्या बहिणीने हाक मारून मारून रुळवलेलं नाव नोकरी संपली तरी सुटलं नव्हतं. दोघी बहिणी तिसऱ्या मजल्यावर एकत्र राहत. दुपारी ताई लोकर विणायची आणि धाकटी गाणी लावायची. त्या गाण्यांमागे एक बारीक घूं घूं येत असे. दोष सीडी प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामधल्या केबलमध्ये आहे, हे धाकटीने तासाभरात हुडकून काढलं.

मग तिने खिडकीशी टेबल ओढलं. एकाच रिळातून हातभर लांबीचे दोन तुकडे कापले, एक डावीकडच्या स्पीकरसाठी, एक उजवीकडच्या. वरची तांब्याची जाळी सोडवून पीळ दिला, टोकांना कथील चढवलं आणि पिनेत बसवून डाग दिला.

"कसा चकचकीत बसलाय बघ!"

"दागिना घडवल्यासारखी दाखवतेस काय? वाजव," ताई म्हणाली.

वाजवलं. घूं घूं साफ गेली होती. बासरीवाला फुंकर घालण्याआधी दम घेतो, तेही ऐकू येत होतं. धाकटीने विजयी मुद्रेने ताईकडे पाहिलं. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत डाव्या स्पीकरमधून कुणीतरी शिंकलं. दोन शिंका लागोपाठ, मग जरा थांबून तिसरी.

"बासरीवाल्याला सर्दी झालीय का ग?" ताईने विचारलं.

दोघी हसल्या. थोड्या वेळाने ताईने सुया खाली ठेवल्या आणि ती शिंकली. दोनदा लागोपाठ, मग जरा थांबून तिसऱ्यांदा.

धाकटी घाबरणाऱ्यांतली नव्हती. दोष कितीही विचित्र असला तरी तो कुठेतरी असतो, आणि जिथे असतो तिथे सापडतो, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. तिने दोन्ही केबल अदलाबदल केल्या. आवाज उजव्या स्पीकरमध्ये गेला. म्हणजे दोष केबलमध्येच. मीटर लावला, केबल निर्दोष. डाग उकलून पुन्हा दिला, फरक नाही. शेवटी प्लेअरकडची पिन उपसून केबल नुसती लोंबकळत ठेवली, तरी स्पीकरमधून चमचा पडल्याचा आवाज आला. त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडतो तसा. अकरा मिनिटांनी ताईच्या हातून चमचा पडला.

तीन दिवस धाकटीने घड्याळ लावून पाहिलं. दर वेळी अकरा मिनिटं. ना एक जास्त, ना एक कमी.

"फेकून दे ती," ताई म्हणाली.

"दोष सापडल्याशिवाय? नाव बदलीन माझं."

तिसऱ्या दुपारी काच फुटल्याचा आवाज आला. धाकटीने घरातले सगळे पेले उचलून कपाटात कोंडले, किल्ली मुठीत धरली आणि ताईला समोर बसवून ठेवलं. अकराव्या मिनिटाला वाऱ्याने खिडकी आपटली आणि तावदान फुटलं. धाकटीने केर काढला. 

चौथ्या दिवशी चारच्या सुमाराला ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. धाकटीने आवाज थोडा वाढवला. आधी नुसती खोली ऐकू आली, पंख्याची कुरकुर, बाकी काही नाही.

मग तिचा स्वतःचा आवाज.

"ताई?"

थोडी शांतता.

"ताई!"

तिसरी हाक तर अशी होती की आपल्या घशातून असा आवाज निघू शकतो, हे तिला साठ वर्षांत ठाऊक नव्हतं. त्या हाकेला कुणी ओ दिली नाही. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. केबल हिसकली, कटरने तिचे बोटबोट तुकडे केले. घड्याळात चार वीस झाले होते.

"ताई, चप्पल घाल."

"अग, कपडे..."

"राहू देत. आत्ताच्या आत्ता."

पंखा बंद करून तिने दार ओढलं आणि दारातल्या कुलपात बाहेरून किल्ली फिरवली. कोपऱ्यावरच्या बागेत दोघी बाकावर बसल्या. धाकटीने ताईचं मनगट घट्ट धरलं होतं, नाडीवर बोट ठेवून.

चार एकतीस.

"बाक टोचतोय," ताई कुरकुरली.

चार चाळीस. नाडी ठणठणीत. पाच वाजले तेव्हा धाकटी मोकळेपणाने हसली. तिने ताईला सगळं सांगितलं. ताई बाकावरून उठली आणि म्हणाली, "चल, कपडे अर्धे बादलीतच राहिलेत."

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई दारात उभ्या होत्या. ताईला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बऱ्या आहात ना? मी तर धसकलेच. साडेचारला इतक्या हाका मारत होत्या या तुम्हाला! वर येऊन दार वाजवलं, पण कुणी उघडेना."

"आम्ही बागेत होतो," धाकटी म्हणाली.

"अहो, तुमचा आवाज मी ओळखत नाही होय?"

धाकटी ताईचा हात धरून जिना चढली. वर जाऊन तिने किल्ली फिरवली. कुलूप उघडलं. दार हललं नाही. तिने खांदा लावून ढकललं.

आतून कडी लावलेली होती.

आत पंखा कुरकुरत होता. मग दाराच्या अगदी जवळून, फळीला तोंड लावल्यासारखी हाक आली.

"ताई?"

धाकटीचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने झटकन ताईच्या तोंडाकडे हात नेला.

पण साठ वर्षांची सवय त्या हाताआधी पोहोचली.

"ओ," ताई म्हणाली.

आतली कडी सावकाश निघाली.