दक्षिणेकडचा आवाज

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. मला यातून काही मिळवायचं नाही. हे आमच्याच गच्चीवर घडलं, उल्कावर्षावाच्या रात्री, आणि मी तिथे होते.

आमचा फोटो स्टुडिओ. खाली दुकान, मागे डार्करूम, वर घर. तेव्हा रोलचा जमाना होता. डार्करूमचं दार चुकून उघडलं तर सगळं काम मातीत. म्हणून घरात लहानपणापासून एकच शिस्त. दार उघडायचं नाही, बाहेरून हाक मारायची. आतून आवाज आला की माणूस ठीक आहे.

याच समजुतीनं आमचा घात केला.

गच्चीवर आम्ही चौघं होतो. दादा, वहिनी, मी आणि आई. आईला जुना दमा. जिना चढतानाच ती मेटाकुटीला आली होती, पण लेकानं हौसेनं बोलावलं म्हणून आली.

दादानं सतरंजी अंथरली आणि आम्हाला आडवं केलं. डोकी मधे, पाय चार दिशांना. आईच्या वाट्याला दक्षिण आली.

"कॅमेऱ्याचं शटर उघडं आहे," त्यानं बजावलं. "बॅटरी लावायची नाही, उठायचं नाही. उल्का दिसली की आपापली दिशा सांगायची."

"आणि लघवीला लागली तर?" वहिनीनं विचारलं.

"तर तीही दिशा सांग."

आम्ही सगळे हसलो. आईही हसली... आणि तिला ढास लागली.

"उत्तर," दादा म्हणाला. मग वहिनी म्हणाली, "पूर्व." मी "पश्चिम" म्हटलं. आईची छाती मात्र भात्यासारखी वाजत होती.

"पंप खालीच राहिला रे," ती म्हणाली. "कुणीतरी आणून द्या."

मी उठायला लागले.

"पडून राहा," दादा खेकसला. "जिन्यातली लाईट लावशील आणि सगळी फिल्म वाया घालवशील. आई, थोडा दम धर."

दम्याच्या पेशंटला दम धर म्हणाला. दादाचं तोंड असंच, आणि त्याच्यापुढे घरात कुणाचं चालत नसे.

थोड्या वेळानं तो पुन्हा करवादला. "आई, स्वेटर ओढू नकोस. शटरची वायर धरलेला हात हलतोय माझा."

मग सगळं शांत झालं.

घरघर थांबली होती.

आणि तिच्या बाजूनं आवाज आला...

"दक्षिण."

स्वच्छ, मोकळा आवाज. धाप नाही, खोकला नाही.

"बघ," दादा म्हणाला. "मोकळ्या हवेत बरं वाटलं की नाही?"

मलाही हायसं वाटलं. आई मधूनमधून "दक्षिण" म्हणत राहिली. अगदी एका सुरात. प्रत्येक वेळी मला वाटायचं, चला, बरी आहे.

मग ढग आले. बघता बघता सगळं आभाळ झाकलं गेलं. आम्ही तिघंही गप्प झालो.

"दक्षिण."

दादा हसला. "आई, ढगात कसल्या उल्का दिसतात तुला?"

फक्त... "दक्षिण."

थोड्या वेळानं पुन्हा... "दक्षिण."

"अहो," वहिनी हळूच म्हणाली, "मी मघापासून कान देऊन ऐकतेय. सासूबाईंचा श्वासच ऐकू येत नाही."

तिनं बॅटरी लावली.

आईचं तोंड उघडं होतं. डोळे आभाळाकडे. ओठ निळे पडले होते. मी हात धरला तर तो गारठून ताठ झालेला... मुठीत दादाच्या स्वेटरचं बटण होतं.

डॉक्टर म्हणाले, "यांना जाऊन बराच वेळ झालाय. तुम्ही सगळे जवळ होतात ना?"

जवळ म्हणजे डोक्याला डोकं लावून होतो.

तो आवाज कुणाचा होता, मला माहीत नाही. तो आला नसता तर आम्ही वेळेत उठलो असतो, एवढंच कळतं. कुणीतरी आम्हाला तिथेच आडवं ठेवलं, आई मरून गार होईपर्यंत.

त्या रात्रीचा रोल दादानं वर्षभर धुतला नाही. तोवर त्यालाही दमा जडला होता. एका संध्याकाळी तो रोल घेऊन डार्करूममध्ये शिरला. बाहेरून मला त्याची घरघर ऐकू येत होती.

मग ती थांबली.

"दादा, बरा आहेस ना?"

"बरा आहे," आतून आवाज आला. स्वच्छ... मोकळा.

मी दार ढकललं आणि लाईट लावली.

दादा जमिनीवर पडला होता. ओठ निळे. छाती हलत नव्हती. मी त्याला गदागदा हलवलं, पंप तोंडाशी धरला, वहिनीला हाका मारल्या.

त्यानं डोळे उघडले.

"लाईट बंद कर," तो म्हणाला. त्याच सुरात.

तेव्हापासून दादाची धाप गेली आहे. पंप कपाटावर धूळ खात पडलाय. वहिनी म्हणते, आपलं नशीब थोर. डॉक्टरांनाही नवल वाटतं. तो खेकसत नाही, चिडत नाही. रात्री कुशीवर न वळता, आभाळ बघितल्यासारखा छताकडे तोंड करून झोपतो. मी एकदा त्याच्या उशाशी बराच वेळ कान लावून बसले होते. श्वास ऐकू आला नाही.

मी रोज विचारते, "दादा, बरा आहेस ना?"

तो रोज सांगतो, "बरा आहे."

त्या रात्री आईही अशीच बरी होती.