वास येतोय ना?

फ्रिजला वास येतोय, एवढीच तक्रार होती.

तू ती सेंटची बाटली खाली ठेव आधी. आपण चौघंच तर आहोत, आमच्यासाठी कशाला एवढं फवारतोस? बस. सांगतो. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या साडूंची आहे, थोरल्या साडूंची, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीच्या यजमानांची. फ्रिज दुरुस्तीचं दुकान त्यांचं. अजून आहे. उद्या जाऊन विचारा, खोटं निघालं तर माझं नाव बदला.

तर या माणसाचं नाक म्हणजे काय सांगू! गिऱ्हाइकाच्या दारातूनच सांगायचे, कॉम्प्रेसर जळलाय. उघडून बघायचं कामच नाही. जळलेल्या वायंडिंगचा वास वेगळा, उंदराने कुरतडलेल्या वायरचा वेगळा. मी त्यांच्याकडे गेलो की उंबऱ्यातच म्हणायचे, "काय साडूभाऊ, आज केस कापून आलात वाटतं." आणि मी आलेला असायचो की कापून! आमच्या मेहुणीबाई चेष्टा करायच्या, "यांच्यापासून काही लपवायची सोय नाही. शेजारणीचं दूध उतू गेलं तरी आधी यांना कळतं."

मग एका हिवाळ्यात दोघांनाही ताप आला. एकाच आठवड्यात. मेहुणीबाई त्यातून उठल्या नाहीत. साडू उठले, पण नाक गेलं.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, नाही आलं. आणि खरं सांगू, नाकाबरोबर आणखीही काहीतरी गेलं होतं. बायको गेली तेव्हा हा माणूस रडला नाही. नंतरही नाही. पुढ्यात ताट आलं की जेवायचे, कागद चावावा तसे. "कसं झालंय?" विचारलं तर म्हणायचे, "गरम आहे." एकदा मी गेलो तर मेहुणीबाईंच्या कपाटात तोंड घालून उभे होते. तिच्या कपड्यांत. मला पाहून बाजूला झाले. म्हणाले, "काही नाही. काहीच येत नाही."

घरात ते आणि मुलगी. एकोणीस वर्षांची. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, दुसऱ्या गावी, वसतिगृहात राहायचं. पण पोर जाईना. कारण? एकदा ती बाजारातून परत आली, तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, दुधाच्या पातेल्याचा कोळसा झालेला, आणि बाप बाहेरच्या खोलीत पेपर वाचतोय. तेव्हापासून तिनं धसका घेतला. म्हणाली, "मी गेले तर एक दिवस घरासकट जळाल तुम्ही, आणि तुम्हाला कळायचंही नाही." हे म्हणाले, "तू जा." ती म्हणाली, "नाही." प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार. गुरुवार आला तरी घरात हाच वाद.

तोच गुरुवार. सतरा जानेवारी. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. शटर अर्धं ओढलेलं. दुकानातला जुना फोन वाजला. तो तारेचा, ज्यात समोरच्याचा नंबर दिसत नाही तो. बाईचा आवाज. वयस्कर, व्यवस्थित.

"फ्रिजला वास येतोय. आज येऊन जाल का?"

साडू मला म्हणाले, हसू यायला हवं होतं. नाक गेलेल्या माणसाला वासाच्या तक्रारीसाठी बोलावणं! पण हसू आलं नाही. काहीच आलं नाही. पत्ता लिहून घेतला. पोस्टाच्या मागची गल्ली, तिसरा मजला. घरच्या वाटेवरच होतं. पिशवी उचलली, निघाले.

बाईंनी दार उघडलं. स्वेटर, चष्मा, केस घट्ट बांधलेले. घर कसं? लख्ख. स्वयंपाकघरात ओट्यावर विजेची शेगडी, भांडी पालथी घातलेली, आणि कोपऱ्यात फ्रिज. लहान, जुना, गोल कोपऱ्यांचा. साडूंनी पिशवी ठेवली आणि फ्रिजचं दार उघडलं.

आणि त्यांना वास आला.

अर्धं कापलेलं लिंबू. शिळं दूध. दाराच्या रबराचा तो जुनाट वास. एकेक, वेगवेगळा, स्पष्ट. साडू फ्रिजचं दार धरून उभेच राहिले. थंड हवा तोंडावर येतेय, बर्फ वितळून पायावर ठिबकतोय, हे हलत नाहीत.

मागून बाई म्हणाल्या, "येतोय ना?"

"हो," साडू म्हणाले. "लिंबाचा आहे."

"नाही. तो नाही."

पण हे ऐकत कुठे होते! मान वळवली तिकडे वास. मोरीपाशी साबणाची वडी. ओलं फडकं. दिव्यावर तापलेली धूळ. बाईंनी चहा पुढ्यात ठेवला, त्याची वाफ. आणि मग आतल्या खोलीतून... ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरते ना, तो. मेहुणीबाई रोज रात्री यांच्या शर्टावर पाणी शिंपडून इस्त्री करायच्या. तोच तो. साडू खुर्चीत बसले. चहा प्यायले नाहीत. कप नुसता नाकाखाली धरून बसले.

मी विचारलं त्यांना, "रडू आलं का तेव्हा?"

म्हणाले, "नाही. दाराशी येऊन थांबलं. आत नाही आलं. म्हणून तर बसून राहिलो. म्हटलं, आणखी थोडा वेळ बसलो तर येईल."

त्यांना वाटलं, दहा मिनिटं झाली असतील. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

बाई कप उचलायला वाकल्या. अगदी जवळ आल्या. आता बघा, माणूस जवळ आलं की काहीतरी येतंच. तेल म्हणा, घाम म्हणा, पावडर, तोंडाचा वास, लोकरीचा वास. तुम्हाआम्हाला कळत नाही, पण येतो. आणि त्या घरात तर यांना खुर्चीच्या लाकडाचा वास येत होता.

बाईंचा... काही नाही.

पुन्हा श्वास घेतला त्यांनी. हळूच. कपाला वास. टेबलाला वास. बाईंच्या जागी काही नाही. जिथे त्या उभ्या होत्या, तिथे वासाला भोक पडलं होतं.

उठले. पिशवी घेतली.

"फ्रिज ठीक आहे तुमचा. येतो मी."

"वास येतोय ना?"

"कसला?"

"दुसरा."

...आला.

आधी बारीक. मग घशापर्यंत. सडक्या कोबीसारखा. गॅस. साडूंनी ओट्याकडे पाहिलं. विजेची शेगडी. टाकी नाही. नळी नाही. ओट्याखाली बघितलं. काही नाही.

"तुमच्याकडे गॅस..."

"माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या.

आणि त्या गॅसच्या वासात आणखी एक वास होता. सर्दीचं मलम. मुलीला दोन दिवस सर्दी होती, नाक चोंदलेलं. सकाळी तिनं छातीला मलम चोळलं होतं. यांनी डबी नुसती पाहिली होती, वास काही कळला नव्हता.

आता कळला.

बाई दारात उभ्या. घाबरल्या नव्हत्या. हसल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "किती जणांना बोलावलं. कुणालाच येत नव्हता. तुम्हाला आला."

साडू धावले. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर सगळे वास गेले. दिवा विझावा तसे. लिंबू नाही, गॅस नाही, काही नाही. पळतापळताच मोबाइलवरून घरी फोन लावला. वाजतोय. मुलगी उचलत नाही. पुन्हा लावला. वाजतोय...

घरी पोचले, किल्लीनं दार उघडलं. अंधार. शांत. घर नेहमीसारखं. वास? कसला वास! नाक पुन्हा मेलेलं. क्षणभर वाटलं, आपल्याला वेड लागलंय. पोर झोपली असेल. सवयीनं हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

बोट टेकलं.

...नाही दाबलं.

का नाही दाबलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. अंधारातच आत गेले. चाचपडत शेगडीची बटणं पाहिली. बंद. मुलीच्या खोलीत गेले. खिडक्या थंडीमुळे घट्ट लावलेल्या. हाक मारली. हलवलं. मान लुळी. तशीच उचलली आणि बाहेर आणली. तेवढ्यात शेजारचे वकील दार उघडून बाहेर आले, "अहो, गॅस! केवढा वास येतोय!" असं म्हणत जिन्यातल्या दिव्याकडे हात नेला. साडूंनी पोरीला सांभाळत लाथ मारली त्यांच्या हातावर. सरळ लाथ. वकील अजून सांगतात.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. साडू बाकावर बसले होते, मांडीवर हत्यारांची पिशवी. डॉक्टर म्हणाले होते, आणखी पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. मी शेजारी बसलो. तेच म्हणाले, "साडूभाऊ, मला काहीच वाटत नाहीये. भीतीसुद्धा नाही. तिकडे मी चहाचा वास घेत बसलो होतो आणि ती इकडे... आणि तरी काही वाटत नाही. हे बरोबर नाही ना?"

मी पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी.

पहाटे पोरीला उलटी झाली. डोळे उघडले. "डोकं दुखतंय, बाबा," म्हणाली. ते म्हणाले, "बरं." एवढंच.

सकाळी मी म्हटलं, "चला, त्या बाईंचे पाय धरायला हवेत." मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त असतील, पण देवमाणूस. गेलो दोघं. पोस्टामागची गल्ली, तिसरा मजला. दाराला कुलूप. गंजलेलं. कुलपावर कोळ्याचं जाळं.

साडू जाळ्याकडे बघत राहिले. मी खालच्या मजल्यावरचं दार वाजवलं. एक म्हातारे गृहस्थ आले.

"वर कोण असणार?" ते म्हणाले. "दोन वर्षं बंद आहे. एक बाई होत्या, एकट्याच. वास येतो म्हणायच्या. रोज कुणाला ना कुणाला बोलवायच्या. नळवाला, वायरमन, फ्रिजवाले. कुणालाच कसला वास यायचा नाही. आम्हीही किती वेळा वर जायचं हो? शेवटी शेवटी कुणी जाईना."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. पुन्हा घातला.

"मग चौथ्या दिवशी आम्हाला वास आला."

...

नाही रे, पाणी नको मला. ऐक.

मुलगी सोमवारी गेली शिकायला. यांनीच बसमध्ये बसवली. ती नाही म्हणत होती, पण हे म्हणाले, "घरात आता गॅसच ठेवत नाही. मग तर झालं?" विजेची शेगडी आणली. आता ती नर्स आहे, दोन मुलांची आई आहे. साडू तसेच आहेत. कसं झालंय विचारलं तर अजून म्हणतात, "गरम आहे."

पण शुक्रवारची दुपार सांगायची राहिली. गॅस कंपनीचा माणूस आला होता तपासायला. साडू हॉस्पिटलात, म्हणून मी घरी थांबलो. घरात वास तेव्हाही होता. मला येत होता, त्यालाही येत होता. पडद्यांत, गाद्यांत मुरलेला. त्यानं शेगडीला जोडलेली टाकी एका हातानं उचलली. रिकामी. मुलीनं सांगितलंच होतं, संध्याकाळी सहालाच संपली, स्वयंपाक अर्धाच राहिला, बाबा आल्यावर दुसरी लावणार होतो. मग तो कोपऱ्यातल्या दुसऱ्या टाकीपाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"काका, जरा इकडे या," म्हणाला.

टाकीचं तोंड बंद. वर सील. टोपणाला दोरा, दोऱ्याला गाठ. कुणाचा हातच लागलेला नाही. त्यानं साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. टाकी वजनकाट्यावर चढवली. आम्ही दोघं आकड्याकडे बघत उभे राहिलो.

पूर्ण भरलेली होती.