उत्कर्षाचा ताप

बावड्याहून उत्कर्षाला बारामतीत आणलं, तेव्हा तिच्या तापाचा सहावा दिवस होता. पोर पाच महिन्यांची. इंदापुरात दोन डॉक्टर झाले होते, औषधं बदलून झाली होती. ताप हटत नव्हता.

डॉ. करुणाने बाळाला उघडं करून खिडकीच्या उजेडात धरलं. अंगावर पुरळ नाही. डोळे स्वच्छ, ओठ मऊ. मानेत गाठ नाही, तळवे सुजलेले नाहीत. तरी तिच्या मनात कावासाकीची शंका होती. या आजारात लहान मुलांच्या रक्तवाहिन्या सुजतात, हृदयाच्यासुद्धा. दहा दिवसांच्या आत इंजेक्शन गेलं तर बरं, नाहीतर त्या फुगू शकतात. पण आजार ओळखायचा बाहेरच्या खुणांवरून, आणि तान्ह्या बाळांत त्या खुणा पुष्कळदा उमटतच नाहीत. तीन वर्षांपूर्वी कोऱ्हाळ्याच्या एका बाळात करुणा खुणांची वाट बघत राहिली होती. बाराव्या दिवशी ते बाळ गेलं.

"हिचे डोळे मधे लाल झाले होते का?"

"हिचं न्हाय," आई राजलक्ष्मी म्हणाली. "सासूबाईंचं झाल्यात."

सासू मुक्ताबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सरकवला. दोन्ही डोळे लालभडक, पण चिपडाचा टिपूस नाही.

"दुखतं का, आजी?"

"न्हाय बया. नुसतंच लाल हाय."

करुणाने मग राजलक्ष्मीकडे नीट पाहिलं. ओठ उलून रक्त साकळलेलं, जीभ लाल, दाणेदार. दंडावर पुरळ. "कधीपासून हे?"

"चार दिस झालं."

बाळाचा बाप इंद्रजित दारात उभा होता. न विचारताच त्याने हात पुढे केले. तळवे टरटरून सुजलेले, अंगठी बोटात रुतलेली.

घरात साथ आली असेल, करुणाने स्वतःला सांगितलं. तिघांना थर्मामीटर लावला. कुणालाच ताप नव्हता. तिघांचं रक्त तपासलं, तेही निर्दोष. बाळाच्या रक्तात मात्र सुजेचे आकडे भडकले होते. पुस्तकातल्या खुणा, मानेची गाठ सोडून, एकूण एक त्या खोलीत हजर होत्या. फक्त बाळाच्या अंगावर नव्हत्या.

असलं केसपेपरवर काय लिहायचं? तिने 'इको, तातडीने' एवढंच लिहिलं.

इकोच्या पडद्यावर बाळाच्या हृदयाच्या दोन्ही रक्तवाहिन्या सुजलेल्या दिसल्या. डावीला ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा. त्याच दुपारी इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला, आणि मुक्ताबाईंच्या डोळ्यांची लाली गेली. इंद्रजित बोटातली अंगठी फिरवून बघत होता.

"दवा तर पोरीला दिलाय," तो हळूच म्हणाला.

करुणाने केसपेपर ओढला आणि फक्त बाळाचा ताप लिहिला.

दोन आठवड्यांनी पुन्हा इको केला. फुगवटा तसाच होता. मुक्ताबाई पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हे काळं काय हाय?"

"तिथं शीर फुगलीय, आजी."

"जाईल का?"

"जाते कधीकधी. सांगता येत नाही."

त्यांनी बाळाच्या छातीवर तळवा ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

"माझं वय झालंय," त्या म्हणाल्या. खोलीतल्या कुणालाच उद्देशून नाही.

पुढचा इको महिन्याने झाला. तो आटोपून नवरा-बायको करुणाच्या खोलीत आले, तेव्हा ती पडद्यावरच्या चित्रातली मापं दुसऱ्यांदा घेत होती. शीर सरळ, स्वच्छ. कधी फुगलीच नव्हती अशी.

"अगदी नॉर्मल आहे!" ती म्हणाली.

दोघांपैकी कुणी हसलं नाही.

"आजी नाही आल्या?"

"मंगळवारी गेल्या," राजलक्ष्मी म्हणाली. "भाकरी थापत होत्या. छातीला हात लावला, अन् तितंच..."

"चिरफाड केली," इंद्रजित म्हणाला. "हृदयाची शीर फुगून फुटली म्हनं. म्हाताऱ्या मानसात असलं त्या डॉक्टरनं कधी बघितलं नव्हतं."

बाहेर नर्सने कुणाचं तरी नाव पुकारलं. करुणाच्या तोंडून सवयीचं वाक्य गेलं.

"परत ताप आला तर पहिल्याच दिवशी आणा."

"आलाय," राजलक्ष्मी म्हणाली. "सकाळधरनं."

इंद्रजितने वाकून तिच्या मांडीवरची पोर उचलली आणि छातीशी घट्ट धरली.

"तू लांब बस," तो बायकोला म्हणाला.