काचेत लटकलेला कोट

फोन वाजला तेव्हा शिवणकाकूंच्या मशीनखाली शेजारणीच्या मुलीचा फ्रॉक होता. शिवण अर्धवट सोडून त्यांनी फोन उचलला.

"अगं, ह्यांचा कोट!" कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या आजींचा आवाज थरथरत होता. "जुन्या कपड्यांच्या दुकानात लटकतोय! काचेत! किमतीची चिठ्ठी लावून!"

"आजोबांचा? तोच कशावरून?"

"तूच शिवलायस ना? मग ये आणि बघ."

काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या. कोट तोच होता. आतला डावा खिसा चष्म्यासाठी मुद्दाम खोल केलेला, तो त्यांनी अंधारातही ओळखला असता. आजोबांना जाऊन सहा महिने झाले होते. आजींनी मोठ्या जड हाताने तो कोट निवाऱ्याच्या पेटीत टाकला होता. कपाटात कसर लागण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर असावा, एवढंच त्यांना वाटलं होतं.

निवारा म्हणजे नेसत्या कपड्यांनिशी घर सोडून आलेल्या बायकांचा आणि त्यांच्या लेकरांचा आसरा. गावात त्याच्या नावाच्या पेट्या ठेवल्या होत्या. पेटीच्या तोंडातून पाऊस आत जाऊ नये म्हणून ताडपत्रीचे पाच पडदे काकूंनीच फुकट शिवून दिले होते. काम भलत्या घाईचं होतं. पाचव्याला काळा दोरा संपला, तर शेवटची चार बोटं त्यांनी सरळ निळ्याने मारली. पेटीवरच्या पडद्याची शिवण कोण बघतंय?

काकू दुकानात शिरल्या.

"हा कोट आला कुठून?"

"गोणीतून," दुकानदार म्हणाला. "सोमवारी भाड्याचा हातगाडीवाला दोन गोण्या टाकून जातो."

"पाठवतं कोण?"

"बाई, मी माल बघतो, माणूस नाही. पुरुषांचा कोट आला की त्याच दिवशी उठतो, एवढं मला कळतं."

शांत बसणं काकूंना कधी जमलं नव्हतं. त्या तडक निवाऱ्यात गेल्या.

निवारा चालवणाऱ्या ताई टेबलाशी बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, समोर किल्ल्यांचा जुडगा.

"ही आठवड्यातली तिसरी तक्रार," त्या म्हणाल्या. "लोक तोंडावर चोर म्हणायला लागलेत. चार वाजता समितीची बैठक आहे. पेट्यांतले कपडे गोळा करून आणणाऱ्या आपल्या गाडीवाल्याला काढायचं आणि पोलिसांत द्यायचं, असं ठरल्यातच जमा आहे. पेट्यांच्या किल्ल्या त्याच्याशिवाय कुणाकडे नसतात."

"तुम्हाला पटतं हे?"

ताईंचे डोळे भरले. "सहा वर्षांचा होता, आईचं बोट धरून इथे आला तेव्हा. याच खोल्यांत वाढला. मला कसं पटेल? पण न पटून करू काय?"

गाडीवाला बाहेर बाकावर बसला होता. विशी ओलांडलेला, अंगाने दांडगा, पण बसला होता अगदी अंग चोरून.

"पेट्या किती रे?" काकूंनी विचारलं.

"चार. दवाखाना, शाळा, बसथांबा, बाजार."

"तिथून थेट इकडे येतोस?"

"थेट."

"करडा कोट आठवतो? मोठ्या बटणांचा, वयस्क माणसाचा."

त्याने चमकून वर पाहिलं. "कोट? काकू, आपण पुरुषांचे कपडे घेतच नाही. इथे बायका आणि मुलं. पेटीवर तसं ठळक लिहिलंय. चुकून एखादा शर्ट येतो, पण कोट आजवर एकही आला नाही."

काकू उठल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग त्यांनी आजींना फोन लावला.

"आजी, कोट कुठल्या पेटीत टाकलात?"

"कुठल्या म्हणजे? वाचनालयाच्या कोपऱ्यावरच्या."

घड्याळात पावणेतीन झाले होते. रिक्षा मिळेना, म्हणून काकू चालत सुटल्या. या वयात त्या इतक्या भरभर चालतात हे बघून वाटेतली माणसं बाजूला होत होती.

वाचनालयाच्या कोपऱ्यावर हिरवी पेटी उभी होती. तोच रंग, तेच निवाऱ्याचं नाव. एक ओळ मात्र निराळी: "स्त्रिया, पुरुष, मुले, सर्वांचे कपडे चालतील." काकूंनी पडदा उचलला, त्याची कड उलटून शिवणीवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग पर्समधून कात्री काढून त्यांनी पडदा कापून घेतला.

बैठक सुरू झाली होती. काकूंचे धाकटे दीर, समितीचे चिटणीस, उभे राहून बोलत होते. दाराशी गाडीवाला मान खाली घालून उभा होता.

"दया दाखवायची वेळ गेली," दीर म्हणत होते. "संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे."

"भाऊजी, एक विचारू?" काकू आत येत म्हणाल्या. "पडदे किती शिवले होते मी?"

"पडदे? चार पेट्यांचे चार. एक जास्तीचा सांगितला होता मी, फाटला तर हाताशी असावा म्हणून."

"तो कुठे आहे?"

"माझ्या कपाटात."

"नक्की?"

"कालच पाहिला, वहिनी! हे काय मधेच पडद्यांचं काढलंत?"

काकूंनी पिशवीतला पडदा टेबलावर पसरला. काळी शिवण, शेवटी चार बोटं निळी.

"हा तो पाचवा. तुम्ही दारात उभं राहून घाई करत होतात, म्हणून निळ्या दोऱ्यावर भागवला. हा आत्ता मी वाचनालयाच्या कोपऱ्यावरच्या पेटीवरून काढून आणलाय."

"तिथे आपली पेटी नाही," ताई चटकन म्हणाल्या.

"आपली नाहीच. निवाऱ्याचं नाव घालून कुणीतरी स्वतःची पेटी ठेवलीय. पण हाव आडवी आली. पुरुषांचे कोट दुकानात लगेच उठतात, म्हणून तिथे पुरुषांचे कपडेही मागितले. ताई, आजोबांचा कोट आपल्या पेटीत पडलाच नाही, मग या पोराने तो चोरला कसा? तीन तक्रारी आल्यात ना? तिघांनाही विचारा कपडे कुठे टाकले ते. माझी खात्री आहे, वाचनालयच म्हणतील."

"पडदा कुणी पळवला असेल माझ्या कपाटातून," दीर म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

"काल होता ना कपाटात? आणि पेटीवरच्या पडद्यावर धूळ तर महिन्यांची आहे. हात लावून बघा."

कुणी हात लावला नाही. दिरांनी खिशातून एक लहान किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"घरी बोलला असतात तर, वहिनी," ते पुटपुटले. "आपल्या घरातली गोष्ट होती."

"घरी बोलत बसले असते तर इकडे हा पोलिसचौकीत गेला असता." काकू म्हणाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा या दिराला त्यांनी शाळेचे सदरे शिवून दिले होते. त्यांना रागही येत होता आणि रडूही.

ताईंनी किल्ल्यांचा जुडगा गाडीवाल्यापुढे धरला. "घे बाबा. चूक झाली."

त्याने हात पुढे केला नाही.

"लहानपणी तुमच्या कपाटातला खाऊचा डबा रिकामा झाला होता," तो हळूच म्हणाला. "तेव्हा तुम्ही मला समोर बसवून विचारलं होतंत, तू घेतलास का म्हणून. या वेळी किल्ल्या काढून घेतल्यात, ताई. विचारलं नाहीत."

सगळ्या समितीदेखत ताईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आता विचारते. तू घेतलेस का रे कपडे?"

"नाही, ताई."

आणि त्याने किल्ल्या घेतल्या.